एफ्रमची पुण्यतिथी

बीचर फोर्क, वेस्ट व्हर्जिनिया
१९ सप्टेंबर १९३२

प्रिय एफ्रम,

सफरचंदांचं पिंप परवा पोचलं. डेल्फीने झाकण उघडलं आणि असा वास सुटला की शेजारची पोरं न बोलावता आमच्या ओसरीवर येऊन बसली. घरोघर वाटली. बालिंटच्या बायकोने सालीसुद्धा टाकल्या नाहीत, त्यांचा मुरंबा केला. यंदा इथल्या झाडांना काही धरलंच नव्हतं. तुझे आणि लुएलावहिनींचे आभार कसे मानायचे ते मला येत नाही, म्हणून मानत नाही. आम्ही खाल्ली, तृप्त झालो, एवढं कळवतो.

कोणी पाठवली असं नवी पोरं विचारतात. मी सांगतो, मिशिगनला माझा टर्नर नावाचा चुलतभाऊ आहे, बुटका आणि खडूस, पण बाग बरी ठेवतो. म्हातारे गालातल्या गालात हसतात. टर्नर म्हणजे कोण हे ज्यांना ठाऊक आहे त्यांनी तेवीस वर्षांत चकार शब्द काढलेला नाही.

आता मुद्द्याचं. नोव्हेंबरात तुझी पुण्यतिथी. दर वर्षी आम्ही चर्चमागच्या मैदानात जमतो, पाद्रीबाबा दोन शब्द बोलतात, बायका मक्याची भाकरी आणि घेवडा आणतात, आणि जेवणं झाली की पोरं मला घेरतात. लोखंडी एफ्रमची गोष्ट हवी असते. मी सांगतो. एफ्रम टॉलिव्हर आठ फूट उंच होता. रस्त्याने जाताना धुराड्यांत डोकावून कोणाकडे काय शिजतंय ते बघायचा, आणि जिथे डुकराचं मटण असेल तिथे 'सहज आलो होतो' म्हणून दार वाजवायचा. कोळशाने भरलेला डबा रुळांवरून उतरला तर एका हाताने उचलून परत ठेवायचा, दुसऱ्या हातातली भाकरी खाली न ठेवता. डोंगर खचायला लागला तेव्हा त्याने पाठ लावली आणि आत अडकलेली सगळी माणसं त्याच्या पायांमधून बाहेर आली. शेवटी डोंगर त्याच्यावर बसला. तो अजून खाली आहे, डोंगर पाठीवर घेऊन. इथे पोरं श्वास रोखतात.

डब्याची गोष्ट अगदी खरी आहे, मी डोळ्यांनी पाहिली आहे, असं सांगितलं तरी त्यांना ती बाकीच्यांएवढीच खरी वाटते.

तर माझं म्हणणं असं. खाणीची कंपनी बुडाली हे तुला मागेच लिहिलं. ऑफिसवरची पाटीसुद्धा काढून नेली त्यांनी. तुला मेलेला ठेवण्याची आता कोणालाच गरज उरलेली नाही. यंदा तुझ्या पुण्यतिथीला तूच ये. स्वतःच्या नावाने खपलेला घेवडा एकदा खाऊन तरी बघ.

तुझा,
ल्यूशस मेब्री

---

एल्म कॉर्नर्स, मिशिगन
२ ऑक्टोबर १९३२

प्रिय ल्यूशस,

तुझं पत्र लुएलाने दोनदा मोठ्याने वाचलं आणि दोन्ही वेळा धुराड्यांच्या गोष्टीपाशी येऊन हसत बसली. आता आमच्या घरी काही शिजत असलं की मला वर बघ म्हणते.

माझी उंची पाच फूट आठ इंच आहे, आणि हे तुला माहीत आहे, कारण माझी पँट तू न विचारता वापरायचास. माझ्या पायांमधून माणसं बाहेर कशी पडतील? मांजर अडकेल. तुळई पाठीवर आली तेव्हा मी भिंतीला टेकून उभा होतो आणि सगळे माझ्या शेजारून गेले, रस्ता तिथे पुरेसा रुंद होता.

ते जाऊ दे, सांगायचं ते वेगळंच आहे. तुझ्या गोष्टीत तू कुठे आहेस?

सगळे बाहेर पळाले आणि पळणं बरोबरच होतं. तू खेचर सोडून दिलंस, त्याच्या ढुंगणावर थाप मारून त्याला दाराकडे पिटाळलंस, आणि परत येऊन माझ्यासमोर बादली उलटी टाकून बसलास. मी म्हणालो, जा. तू म्हणालास, बाहेर थंडी आहे. मग बोलत राहिलास. सगळं खोटं, एकापेक्षा एक. ती धुराड्याची गोष्ट मी पहिल्यांदा तिथेच ऐकली. मी हसलो तर वरून दगड सुटले आणि तू म्हणालास, 'हसू नकोस लेका, स्वतः मरशील आणि मलाही मारशील.' बाहेरून माणसं लाकडाचे टेकू घेऊन येईपर्यंत मी उभा राहिलो. लोक म्हणतात पाठीच्या जोरावर. पाठ कधीच गेली होती, ल्यूशस. पुढे काय सांगतोस ते ऐकायचं होतं म्हणून उभा होतो.

लोकांना पुढचंही सांगत नाहीस, हे मला समजतं. त्यानंतर मॅनेजर म्हणाला, टॉलिव्हर असताना लाकडावर खर्च कशाला. टेकू लावणं बंद झालं आणि मला आज या बोगद्यात, उद्या त्या बोगद्यात उभं केलं. वर्षभर मी खांबासारखा उभा राहिलो आणि माणसं माझ्या बगलेखाली कोळसा काढत राहिली. मी एकच होतो आणि बोगदे पुष्कळ. ज्या दिवशी छत कोसळून वॉल्टर आणि त्याचा मेहुणा गेले, त्या दिवशी मी डोंगराच्या दुसऱ्या बाजूला उभा होतो. मग तुम्ही सगळ्यांनी जुना बोगदा पाडला, मी त्याखाली गेलो असं सांगितलंत, आणि कंपनीला लाकूड विकत घ्यावं लागलं. तुम्ही मला मारलंत म्हणून मला लुएला भेटली, बाग मिळाली. हे उपकार मी विसरलेलो नाही.

येतो मी. लुएला माझ्यासाठी नवा कोट शिवते आहे. अंगात जोर अजून आहे. परवा गाड्याचं चाक बदलायचं होतं तेव्हा मी गाडा धरला आणि तिने चाक चढवलं, घोडा जुंपलेलाच होता. पण आता नंतर कंबर दोन दिवस बोलते.

तुझा,
एफ्रम

---

बीचर फोर्क
२४ ऑक्टोबर १९३२

प्रिय एफ्रम,

घाईत लिहितो. यंदा येऊ नकोस. ओढ्यावरचा पूल पावसाने वाहून गेला आहे. डेल्फीची बहीण पोराबाळांसह राहायला आली आहे, घरात पाय ठेवायला जागा नाही. कार्यक्रमही यंदा अगदी लहान आहे. आणि खरं सांगायचं तर तू आलास की लोक निराश होतील, मग तुलाही वाईट वाटेल. पुढच्या वर्षी बघू.

वहिनींना नमस्कार.

ल्यूशस

---

एल्म कॉर्नर्स
३१ ऑक्टोबर १९३२

प्रिय मेब्री,

पत्र पोचलं. येणं रद्द केलं आहे.

लोक निराश होतील हे तुम्ही स्पष्ट लिहिलंत ते बरं केलंत. आठ फुटांचा माणूस ज्यांना दाखवला आहे त्यांच्यासमोर मिशिगनचा एक म्हातारा माळी उभा करायचा, तर पाहणाऱ्यांचं मन मोडणारच. तेवीस वर्षांत मला हे सुचलं नाही, ही माझी चूक.

थंडीत टिकणाऱ्या जातीची सफरचंदं आज रेल्वेने पाठवली आहेत. ती पुलाच्या अलीकडच्या स्टेशनावरून कोणाला तरी आणता येतील.

तुम्ही त्या दिवशी माझ्याजवळ बसलात त्याबद्दल मी तुमचा आजही ऋणी आहे, त्यात काही बदल नाही. नवा कोट लुएलाने कपाटात ठेवला.

ए. टॉलिव्हर

---

बीचर फोर्क
७ नोव्हेंबर १९३२

एफ्रम भाऊजींस नमस्कार,

मी डेल्फी लिहिते आहे. तुमचं पत्र आलं त्या दिवसापासून ह्यांनी ते कोटाच्या खिशात ठेवलं आहे आणि माणूस जेवत नाही. पत्रात 'तुम्ही' असं लिहिलेलं बघून ते मला म्हणाले, 'याने मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.'

पूल जागेवर आहे. माझी बहीण इकडे फिरकलेली नाही. थापा मारण्यात ह्यांचा हात कोणी धरणार नाही, पण त्या दिवशी एक धड थाप सुचली नाही. तीन कागद फाडले.

घडलं ते सांगते. तुम्ही येणार म्हटल्यावर गावातले पुरुष आमच्या स्वयंपाकघरात जमले. खाण बंद असली तरी चुली पेटवायला आणि तालुक्याच्या गावी विकायला आमचे लोक आत जाऊन उरलासुरला कोळसा काढत होते, तो संपला. आता उरले आहेत ते डोंगर तोलून धरायला मुद्दाम सोडलेले कोळशाचे खांब. ते काढले की छत खाली येतं. टेकू लावायला लाकूड हवं. जवळचं सगळं कंपनीने तोडून नेलं, आणि कड्यावरचं उतरवायला खेचरं राहिली नाहीत. तर बालिंट म्हणाला, 'एफ्रम येतोच आहे. त्याने थोडे दिवस छत धरलं तर आपण खांब काढू, हिवाळा निघून जाईल.'

बालिंटला वाईट समजू नका. तो तुमच्या शेजारून बाहेर पडलेल्यांपैकीच एक आहे. त्याच्या घरी कॉफी म्हणून भाजलेल्या मक्याचं पाणी पितात. पण आमचे हे उठून उभे राहिले. म्हणाले, 'तो माणूस टेकू व्हायचं नाही म्हणून मेला. कंपनीने त्याला जे करायला लावलं तेच करायला आता आपण त्याला मेजवानीला बोलवायचं?' दुसऱ्या दिवशी ह्यांनी ते पत्र टाकलं. लोक निराश होतील असं लिहिलं ते तुमच्या उंचीबद्दल नव्हतं, भाऊजी. तुम्ही नाही म्हणालात तर लोकांची तोंडं उतरतील आणि ती तुम्हाला बघवणार नाहीत, मग तुम्ही हो म्हणाल, याची ह्यांना भीती होती.

आता दुसरं. पुरुषांनी खांब फोडायला सुरुवात केली आहे. टेकू नाहीत. आमचे हेही जातात. संध्याकाळी परत येईपर्यंत मी घरात एका जागी बसू शकत नाही.

या म्हणायला माझी जीभ रेटत नाही. न सांगता राहणंही जमलं नाही. मी लिहिल्याचं ह्यांना सांगू नका.

लुएलाताईंना माझा नमस्कार.

डेल्फी

---

एल्म कॉर्नर्स
१२ नोव्हेंबर १९३२

ल्यूशस,

गुरुवारी दुपारच्या गाडीने येतो. पूल जागेवर आहे असं ऐकतो. मी पोचेपर्यंत खाणीत कोणी पाऊल टाकायचं नाही, तूही नाही. कुऱ्हाडी आणि मोठी करवत, असतील तेवढ्या, धार लावून ठेव. आणि गाढवा, जेव.

एफ्रम

---

बीचर फोर्क
२७ नोव्हेंबर १९३२

प्रिय लुएला,

मी खुशाल आहे. कोट फाटला, तो अगोदरच सांगून टाकतो. उजव्या खांद्यावर फाटलाय, डेल्फीवहिनी ठिगळ लावते आहे.

स्टेशनावर ल्यूशस आला होता. केस पांढरे झालेत आणि जिना चढताना धाप लागते, तोंड मात्र तसंच आहे. मला पाहिल्यावर डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. मग म्हणाला, 'तू आणखी बुटका झालास.' मी त्याला धरलं, अगदी हळू, माझी नेहमीची भीती तुला माहीतच आहे, तर म्हणतो, 'नीट धर, मी काय अंडं आहे?'

चर्चमध्ये सगळे जमले. म्हाताऱ्यांनी टोप्या काढल्या. तरुण माणसं माझ्याकडे बघायची आणि मग माझ्या डोक्याच्या वर बघायची, जणू उरलेला मी मागून येतोय. पोटं खपाटीला गेलेली, लुएला. त्यात बायकाही होत्या, त्यांच्याकडे बघून मी जे बोलायचं ठरवलं होतं ते मागे पडलं. ल्यूशसला भीती वाटली ती खरी होती. तोंडाशी 'हो' आलं होतं.

मग मी म्हणालो, 'छत मी धरणार नाही.'

बालिंट उभा राहिला. हंगेरीहून आलेला, आता साठीचा, आवाज मोठा. म्हणाला, 'मग आलास कशाला?'

'लाकूड वाहायला.'

'लाकूड कुठाय?'

'कड्यावर दिसतंय की मला इथून.'

'तिथून ते उतरवायला आठ खेचरं लागतील.'

'आठ कशाला,' ल्यूशस मागून म्हणाला, 'एक पुरे. कालच्या गाडीने आलंय.' आणि तेवीस वर्षांनी मी या गावात मोठ्याने हसलो आणि वरून काही पडलं नाही.

मी त्यांना नीट सांगितलं. मी उभा राहिलो तर मी असेन तोवर तुम्ही सुरक्षित, आणि मला शिंक आली की गेलात. लाकूड उभं केलं तर ते कोणाच्याही बापाची वाट न बघता उभं राहतं. मला टेकू करू नका, टेकू वाहणारा करा. मग मी हवं तेवढं करीन.

कड्यावरचं रान स्टिल्टनरबाईंचं आहे. एकट्या राहतात, हात संधिवाताने वळलेले. त्या म्हणाल्या, 'तोडा, पण माझी शेगडी विझू द्यायची नाही.' तोडणं पुरुष करतात. मी ओक खांद्यावर घेतो आणि खाली आणतो, अख्खा, फांद्या छाटलेला. उतार मोठा आहे, पाय घोट्यापर्यंत मातीत जातात. पहिल्या दिवशी बायका ओसरीवर येऊन नुसत्या बघत उभ्या राहिल्या. आता मी उतरताना नुसतं ओरडतात, 'माझी वाळत घातलेली चादर सांभाळा.' खाणीच्या तोंडाशी करवतीने तुकडे होतात, आत नेऊन उभे करतात आणि वर पाचर ठोकतात. टेकू चांगले दाट लावायचे, मग खांब फोडायचा. सगळे करतात, मीही करतो.

काल एक गोष्ट झाली ती तुला सांगायला हवी. आत सात-आठ जण होतो आणि छत बोलायला लागलं. आधी बारीक टकटक, मग कपडा फाटल्यासारखा आवाज. सगळे दाराकडे निघाले. माझे पाय उलटे वळले, लुएला. मी ठरवलं नव्हतं. पाठ आपोआप वाकली आणि मी आत चाललो होतो. कोणीतरी माझी बाही धरली. ल्यूशस होता. त्याच्या हातात जोर तो किती, मी झटकला असता तर भिंतीवर आपटला असता. तो हळूच म्हणाला, 'राहू दे. लाकडाला काम करू दे.'

मी थांबलो. आयुष्यात एवढं जड काही उचललं नव्हतं. आम्ही दोघे तिथे उभे राहून ऐकत होतो. टेकू कण्हले, एकदोन चिरले, पाचरी आत घुसल्या. मग आवाज बंद झाला. छत तिथेच होतं आणि मी त्याच्याखाली नव्हतो.

बाहेर आल्यावर मी चिखलात बसलो आणि रडलो. ल्यूशस शेजारी बसला. त्या वेळी त्याने एकही गोष्ट सांगितली नाही.

आज माझी पुण्यतिथी साजरी झाली. घेवडा चांगला होता. पोरांना गोष्ट यंदा मी सांगितली, ल्यूशस आणि बादलीसकट, तो मध्ये मध्ये 'खोटं आहे' म्हणत असताना. मीच तो एफ्रम हे एकाही पोराला पटलं नाही. पण ल्यूशस मेब्री सलग एवढा वेळ बोलत राहिला असेल, हे मात्र सगळ्यांना लगेच पटलं.

माझं इथलं काम अजून काही आठवडे चालेल. घोड्याला जास्त ओट देऊ नकोस, तो तुला फसवतो. तू मला जा म्हणालीस, मी कपाटाकडे बघत बसलो होतो तेव्हा कोट स्वतः काढून दिलास, त्याबद्दल इथून रोज तुझी आठवण काढतो.

तुझा,
एफ्रम

---

बीचर फोर्क
८ मार्च १९३३

प्रिय एफ्रम,

तू गेल्यापासून घर मोकळं मोकळं वाटतं, आणि स्वयंपाकघरात चार माणसांचं अन्न उरतं.

काम पुरं झालं. मागच्या आठवड्यात शेवटचा खांब काढला आणि आम्ही हत्यारं घेऊन बाहेर आलो. मागे टेकू तेवढे ठेवले. रविवारी सगळे चर्चमध्ये असताना डोंगरातून आवाज आला. मोठा आणि खोल, पायांतून ऐकू येणारा. खिडक्या थरथरल्या. पाद्रीबाबा वाक्यात थांबले. प्रत्येकाने मान फिरवून आपापली माणसं मोजली. सगळी होती. पाद्रीबाबांनी पुस्तक मिटलं, म्हणाले, 'प्रवचन झालं,' आणि आम्ही गायला लागलो. एवढ्या मोठ्याने या गावात कोणी गायलं असेल असं मला आठवत नाही, बालिंट बेसूर असून पुढे होता.

हिवाळा निघाला, एफ्रम. एकही घर गार पडलं नाही. कोळशाच्या बदल्यात पीठ आलं, डाळ आली, पोरांना बूट आले. स्टिल्टनरबाईंची शेगडी एक दिवस विझली नाही, त्या पाळत ठेवून होत्या. एकही माणूस आत राहिला नाही. हे मी पुन्हा लिहितो, कारण लिहायला बरं वाटतं. एकही माणूस आत राहिला नाही.

माझ्यावर सगळ्यांनी काम सोपवलंय, की गावाच्या वतीने तुझे आभार मानावेत. कुठून सुरुवात करू? तू त्यांच्या बापांना बाहेर काढलंस, मग त्यांच्यासाठी मेलास, मग पुन्हा जिवंत झालास. बायकांचं म्हणणं आहे की खाणीच्या तोंडाशी तुझ्या नावाचा दगड बसवावा. आठ फुटांचा. मी म्हणालो, त्याला विचारतो.

आणि माझ्या वतीने एक. मी तुला खोटं पत्र लिहिलं आणि तू ते मनावर घेतलंस, तरी सफरचंदं पाठवलीस. ती खाताना मला लाज वाटली. पूल जागेवर आहे हे तुला कोणी सांगितलं, ते मी डेल्फीला विचारलेलं नाही. नुसता तिच्याकडे बघतो आणि ती भांडी घासायला लागते. तुम्हा दोघांचाही मी आभारी आहे.

तुझा,
ल्यूशस

---

एल्म कॉर्नर्स
२० मार्च १९३३

प्रिय ल्यूशस,

दगड नको. तेवढा दगड मीच उचलून आणावा लागेल, आणि कंबर नाही म्हणते आहे.

आभारांचं म्हणशील तर ते मला घेता येत नाहीत, आणि का ते सांगतो. हे मी लुएलाला सांगितलं, तर तिला हसू आलं आणि डोळ्यांतही पाणी आलं.

छत बोललं त्याच्या दुसऱ्या आठवड्यातली गोष्ट. तू त्या दिवशी खोकल्याने घरी होतास. मी आणि बालिंट दोघे आत टेकू उभे करत होतो. मी एक लावला, वर पाचर ठोकली आणि पुढच्याला हात घातला. मागून बालिंट ओरडला, 'तुझ्या डोक्यात भुसा भरलाय का?' मी वळलो. तो कंदील वर धरून टेकूकडे बघत होता. 'तिरका आहे तो. आंधळा झालास काय? इथे उद्या माझा मुलगा काम करणार आहे. काढ आणि परत लाव.'

त्याच्या तोंडून असं निघेल हे त्याला स्वतःलाही माहीत नसावं, कारण बोलल्यावर तो जरा गडबडला. पण शब्द मागे घेतले नाहीत, आणि मला तेच हवं होतं. मी टेकू काढला, बूड साफ केलं, पुन्हा उभा केला. त्याने डोळा बारीक करून पाहिलं आणि म्हणाला, 'हं.' मग आम्ही शेजारी शेजारी बसून भाकरी खाल्ली. त्याने त्याच्यातला कांदा मला अर्धा दिला आणि त्याच्या सुनेबद्दल तक्रार करत बसला.

मी लहान होतो तेव्हापासून लोक माझ्याकडे एक तर घाबरून बघत आले आहेत, नाही तर चर्चमधल्या खिडकीकडे बघावं तसे. माझं काम चुकलं असं मला कधी कोणी सांगितलं नव्हतं. डोंगर धरणाऱ्याला कोण सांगणार? त्या दिवशी मी पंचावन्न वर्षांचा होतो आणि पहिल्यांदा कोणाच्या तरी बरोबरीने काम करत होतो.

हे तू मला पत्र लिहून बोलावलंस म्हणून झालं, येऊ नकोस म्हणालास म्हणूनही झालं, आणि डेल्फीवहिनींमुळे तर झालंच. या वर्षीची बाग बहरली की तुम्ही दोघे इथे या. जागा पुष्कळ आहे, आणि इथे तुझ्या गोष्टी अजून कोणी ऐकलेल्या नाहीत.

बालिंटला सांग, मी त्याचे आभार मानलेत. कशाबद्दल ते तो विचारील. सांगू नकोस.

तुझा,
एफ्रम